घासणारीचं सोनं

व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेस या कुंभारांच्या गावात रेमेईची बोटं सगळ्यांच्या ओळखीची होती. आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी. नऊ वर्षांची असल्यापासून ती बापाच्या भट्टीतून निघालेली भांडी घासत होती. तिसऱ्या भाजणीनंतर ताटावर गेरूची काळपट खपली चढते. ती ओल्या फडक्यानं घासून काढली की खालची सोनेरी नक्षी उजळते. सोनं बापाचं, खपली रेमेईची, अशी त्या घरातली वाटणी.

ही विद्या मूळची मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान, कुंभारांची. तीनशे वर्षांपूर्वी राजानं त्यांच्या लेकरानातवंडांना जहाजांत कोंबून हाकलून दिलं, आणि त्यांची मापं मात्र गावातल्या दोन-चार घरांनी धरून ठेवली. त्यातलं एक घर ओनोफ्रेचं, म्हणजे रेमेईच्या बापाचं. सोनेरी लेपात तांबं किती, चांदी किती, हिंगूळ किती, कालवायला द्राक्षाचा आंबट शिरका किती, हे तो दाराला कडी लावून मोजायचा. मला शिकवा, असं रेमेईनं एकदाच म्हटलं. तो म्हणाला, "बाईच्या पोटात काही राहतं का? पोरसुद्धा नऊ महिन्यांत बाहेर पडतं." हा विनोद पुढे वीस वर्षं तो गुत्त्यात सांगत राहिला.

रेमेईनं पुन्हा विचारलं नाही. तो बाहेर गेला की ती बरण्या उचलून बघायची. कोणती किती हलकी झाली, ते हाताला कळायचं.

ती चाळिशीला आली तेव्हा ओनोफ्रेला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. व्हॅलेन्सियाच्या एका व्यापाऱ्याची चाळीस ताटं रंगवून पडली होती, नुसती सोनेरी झळाळी चढायची राहिली होती. रेमेईनं मिश्रण केलं, ताटांवर चढवलं, भट्टी लावली, रोझमेरीच्या ओल्या फांद्या कोंबून आग धुरानं घुसमटवली. घासल्यावर ताटं अशी निघाली की समोरून तांबूस, जरा कलती केली की हिरवं सोनं, आणखी कलती केली की जांभळी.

"ओनोफ्रे, उभ्या जन्मात तुझं इतकं चांगलं काम पाहिलं नाही," सगळं आजारापूर्वीचंच समजून व्यापारी म्हणाला. ओनोफ्रेनं मान डोलावली.

रेमेईनं एक ताट मागे ठेवलं होतं. व्यापारी गेल्यावर ते बापाच्या हातात देऊन तिनं विचारलं, "बाबा, जमलं ना?"

त्यानं ते खिडकीकडे धरून बराच वेळ न्याहाळलं. मग धडधाकट हातानंच सोडून दिलं. "हिरवट आहे," तो म्हणाला. रेमेईनं तुकडे झाडून भरले.

आठवड्याभरात त्यानं गावातल्याच बाल्तासार नावाच्या कुंभाराला बोलावणं धाडलं. सोळा वर्षांपूर्वी याच बाल्तासारनं रेमेईशी ठरलेलं लग्न मोडून फरशीच्या कारखानदाराची मुलगी केली होती. ओनोफ्रेला आधाराशिवाय बसता येत नव्हतं; म्हणून त्यानं रेमेईला पाठीशी बसवलं आणि तिच्या छातीला टेकून सगळी मापं बाल्तासारला सांगितली. आजारानं डोकं भरकटलं होतं. चांदी निम्मी सांगितली, शिरका दुप्पट. रेमेईच्या ते लक्षात आलं. ती गप्प बसली.

बाल्तासारच्या तीन भट्ट्या वाया गेल्या. ताटं चिखलाच्या रंगाची निघाली. टोपी हातात घेऊन तो परत आला, तेव्हा दुसऱ्या झटक्यानं म्हाताऱ्याची वाचा गेली होती.

"रेमेई, तुला काही माहीत असेल तर सांग. ओनोफ्रेकाकांचं नाव बुडेल."

"मला काय विचारतोस? मी घासणारी," ती म्हणाली, आणि त्याला दारापर्यंत सोडायलाही उठली नाही.

वसंतात तिनं स्वतःची भट्टी लावली. ताटांच्या पाठीवर स्वतःचं नाव घातलं. रोज दुपारी बापाला भाताची पेज भरवताना ती त्या दिवसाची मापं त्याच्या कानाशी सावकाश म्हणायची, आणि बाल्तासारला सांगताना तो कुठे कुठे चुकला तेही. त्याला ऐकू येत होतं. डोळे तेवढे हलायचे, कधी कधी भरून यायचे. एकदा त्यानं दातखीळ बसल्यासारखं तोंड आवळून घेतलं. तिनं लहान मुलाचं धरतात तसं त्याचं नाक चिमटीत धरलं, तोंड उघडेपर्यंत थांबली, चमचा आत घातला आणि शिरक्याचं माप पहिल्यापासून सांगायला घेतलं.

ओनोफ्रे आणखी चार वर्षं जगला. बापाची सेवा करावी तर रेमेईनं, असं शेजारणी आपल्या लेकींना सांगायच्या.