आक्काची मिश्री

फोन आला तवा मी लेकीला पाजत हुते. माझं मालक कबनूरला मागावर कामाला, पर त्या दिशी दवाखान्यात आक्काजवळ हुते, त्येंनीच फोन केल्ता... "आक्का गेली." एवढंच. मागनं त्येंच्या रडन्याचा आवाज, आन् हिकडं पोरगी आपली चपाचपा दूध पितीया. आक्का म्हंजे माझी मोठी जाऊ. तिची पोरं अजून शाळंत हायत. आता महिना हुईत आला.

लगीन होऊन आले तवा ह्या घरात मला तिनंच हाताला धरलं. सकाळी मोरीच्या कडंला बसायची, डाव्या तळव्यावर मिश्री, उजव्या हाताचं बोट दातावर, आन् भवतीनं गल्लीतल्या बायका. तव्यावर तंबाखू काळी हुस्तोर भाजायची, मग चुरायची. तिच्यासारखी मऊ कुनाला जमायची न्हाय. भाजाय लागली की घरभर ठसका. सासूबाई वराडायच्या, "अगं, मारतीस का काय आमास्नी!" आन् तयार झाली की त्याच सगळ्यात आदी हात पुढं करायच्या. माझ्या बाळातपनात पोट फुगलं, तर आक्कानंच बोटावर दिली. "लाव गं, पोट साफ हुतंय." पयल्यांदा मला गरगरलं तर हासली, "लई नाजूक हाईस बाई!" मग हळूहळू मला बी मिश्रीबिगर सकाळ हुईना झाली.

गेल्या वर्सापासनं तिला तिखट सोसंना. भाकरी दुधात कुस्करून खायाची. सासूबाई म्हनायच्या, उष्णता हाय. पार तोंड उघडंना झालं तवा मी तिच्यासंगं दवाखान्यात गेलते. डॉक्टरीनबाईंनी इचारलं, "तंबाखू खाता का?" आक्का तडकलीच. "न्हाय ओ! आमच्यात बायका असलं काय खाईत न्हाईत." मी बी मान हालवली. खोटं बोलतोय असं आमाला वाटलंच न्हाय... बाईंनी बॅटरी मारून बघितलं. "दात एवढे काळे कशाने?"

"ती मिश्री की ओ. दात घासायची."

बाईंनी बॅटरी तशीच धरली, म्हनल्या, "मावशी, ती तंबाखूच आहे. भाजलेली."

गालाच्या आत पांढरा चट्टा हुता, मदी लाल. त्या उजेडात मला दिसला, अजून दिसतोय. मग कापलं, मशीनीचं शेक दिलं, नाकातल्या नळीतनं दूध... शेवटी तिला बोलता येत न्हवतं, तर दातावर बोट फिरवून खुनवायची. मिश्री दे म्हनून.

रक्षाविसर्जनाला निवद ठेवला, कावळा काय शिवंना. थोरल्या दिरांनी, आक्काच्या मालकांनी, हात जोडलं, "पोरांची काळजी करू नगंस, मी हाय." तरी न्हाय. मग सासूबाईंनी कनवटीची पुडी सोडून पानावर ठेवली, आन् लगीच कावळा आला. "बघा, जीव मिश्रीतच हुता," बायका म्हनल्या, डोळं पुसलं. माझी जीभ आपसूक गालात गेली. तितं खरबरीत लागलं. घरी येऊन आरशात बघितलं... पांढरं हाय. आमटी बी झोंबतीया. लेक अजून अंगावर पितीया, चालाय बी लागली न्हाय.

आज सकाळी बायका परत मोरीपाशी जमल्या. सासूबाईंनी तवा माझ्या हातात दिला. "तू बघितलंयास की. आता तूच भाज."

"तिच्यावानी मऊ कर बाई, न्हायतर हिरड्या सोलशील आमच्या," शेजारीन म्हनली. हासल्या सगळ्या.

मी तवा खाली ठेवला, सासूबाईंना म्हनलं, "आत्या, माझ्या गालात बी तसलंच आलंय. उद्या दवाखान्यात जातीया. मिश्री लावत हुते म्हनून सांगनार हाय."

सासूबाईंनी पोरीला माझ्या कडंवरनं काढून घेतलं, छातीशी गच्च धरलं. मी त्येंच्या तोंडाकडं बघितलं तर त्येंचा गाल आतनं हालत हुता. जीभ फिरवत हुत्या. मग शेजारनीकडं बघितलं. मग बाकीच्यांकडं. एकेकीचा गाल आतनं हालत हुता.