बेटाला तिसरी फेरी

लोकहो, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गहून सुट्टीला जपानच्या एका लहानशा बेटावर आलोय. आज भाड्याची गाडी घेतली. इथे रस्ता एकच, बेटाभोवती गोल.

मी कुठे थांबलोच नाही. देऊळ आलं, समुद्र आला, 'पुढे अजून भारी असेल' म्हणत गाडी दामटत राहिलो.

"अरे, जरा उतरू दे ना," बायको म्हणाली.

"पुढे उतरू."

पुढे काय, तर तेच देऊळ.

तिसऱ्या फेरीला शेताच्या बांधावरच्या एका आजींनी हात करून आम्हाला थांबवलं. जपानीत काहीतरी विचारलं. मी मोबाईल पुढे धरला, त्याने जर्मनमध्ये भाषांतर ऐकवलं: "तुमचं काही हरवलंय का?"

मी हसून 'नाइन', म्हणजे नाही, म्हणणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून आमची लेक म्हणाली, "या." म्हणजे हो. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते.

"काय गं हरवलं?"

"उर्लाउब."

म्हणजे सुट्टी.

मी गाडी बंद केली. समुद्रावर तासभर बसलो, पण पाय सारखा हलत होता.

आता लेक वाळूत खेळतेय, आणि मी परत नकाशा उघडलाय. तुम्हाला जमतं का हो, नुसतं बसणं?