पंतोजींची ज्वारी

अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला आणि माझ्या बापाचं डोकं फिरलं. साऱ्या वावरात त्याने कपाशीच पेरली, ज्वारीला वीतभर जागा ठेवली नाही. गावात सगळ्यांनी तेच केलं.

आमच्या पंतोजींना शिकवण्याबद्दल पोरांच्या घरून ज्वारी मिळे. त्या हिवाळ्यात मायनं माझ्या टोपलीत कापूस भरला. मी अडून बसलो तर म्हणाली, "ज्वारी आपल्यालेच पुरत नाही, त्याईले कुठून देऊ?"

शाळेत सगळ्याच टोपल्यांत कापूस होता. पंतोजींनी मूठभर हातात घेतला. "कापूस चांगला आहे," ते म्हणाले, "पण चुलीवर काय ठेवू?"

दुसऱ्या दिवशी ते गाव सोडून गेले. मी रडत घरी आलो.

"बरं झालं," बाप म्हणाला. "कापूस येचाले दोन हात वाढले."