तात्यांची बाटली

आमचे हे शाहूपुरीतल्या एका सर्जनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नाव पिराजी, पण सगळे तात्या म्हणत. शिक्षण नववी नापास आणि ऐट सिव्हिल सर्जनची. शिरोळपासून आजऱ्यापर्यंतचे पेशंट म्हणायचे, ड्रेसिंग करावं तर तात्यांनीच. हे घरी येऊन ती वाक्यं मला जशीच्या तशी ऐकवायचे. मीही ऐकून घ्यायचे. नवऱ्याचं कौतुक लोकांनी केलं की आपल्याला करावं लागत नाही.

ह्यांचं सगळं मोठेपण एका बाटलीत होतं. तपकिरी काचेची, बुचाची बाटली. त्यात नळाच्या पाण्यात पातळ केलेलं पिवळं जंतुनाशक. बोळा भिजवायचा आणि जखम पुसायची. बाटली कधी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाला थोडं उरलं की वरून नवं ओतायचं, हा ह्यांचा नियम. "जुन्यात जोर असतोय," म्हणायचे.

सत्त्याण्णव साली संघप्रिया सिस्टर आली. मिरजेला नर्सिंग शिकलेली, कमी बोलणारी, हाताला कमालीची स्वच्छ. तिनं दर शनिवारी दवाखान्यातल्या सगळ्या बाटल्या रिकाम्या करायला सुरुवात केली. उरलेलं औषध मोरीत, बाटली घासून उकळत्या पाण्यात, मग नवं औषध. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिला शाबासकी दिली आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

त्यातच एक दिवस शिरोळचा एक जुना पेशंट आला. हे ट्रे घेऊन पुढे झाले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तात्या. सिस्टर कवा येत्यात? मी थांबतो की." हे त्या दिवशी घरी आले आणि जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपली बाटली स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला बांधली. सिस्टरचा हात बाटलीला लागू द्यायचा नाही म्हणजे नाही.

मग घरात दुसरा विषयच उरला नाही. ती आज असं म्हणाली, ती आज तसं चालली, डॉक्टर तिच्याकडे बघून असं हसले. मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर ह्यांना दिसत नव्हतं, आणि तिच्या घड्याळाचा पट्टा बदललेला बरोबर दिसायचा. एकदा रागाच्या भरात तिच्या आडनावावर घसरले. मी म्हटलं, "तोंड धुऊन या आधी, मग ताटावर बसा." पण खरं सांगू? माझ्याही अंगाची आग व्हायची. नवरा शिव्या घालत का होईना, दिवसभर दुसऱ्या बाईचंच नाव घेतो, हे कोणत्या बायकोला सोसेल?

इकडे ह्यांच्या हातच्या जखमा चिघळायला लागल्या. हिरवट पू, गोडसर घाण वास. सिस्टरच्या हातच्या मात्र वाळत होत्या. हे म्हणायचे, "तीच काय तरी कालवतीया." कुलपातल्या बाटलीत ती काय कालवणार, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही, कारण ह्यांनी ऐकलं नसतंच.

नंतर माझ्यावरच पाळी आली. आजऱ्याला एका लग्नात नवी चप्पल अंगठ्याला चावली. साधा फोड, पण मला साखरेचा आजार. दवाखान्यात गेले तर सिस्टर पुढे आली. हे मध्ये पडले. "आमच्या मंडळीस्नी मी बघतो." रोज त्याच बाटलीतला बोळा. अंगठा फुगला, काळानिळा पडला, मग तोच हिरवा पू. डॉक्टर म्हणाले, "असंच वर चढत गेलं तर अंगठा काढावा लागेल." मी घाबरून गार पडले. ह्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला.

सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, तात्या कुठल्या बाटलीतलं लावत्यात?"

मी ह्यांच्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

"तिनं सांगितलं म्हणून?"

"अंगठा माझा हाय. द्या."

दिली. सिस्टरनं माझ्या जखमेतला पू आणि बाटलीतलं औषध, दोन्ही लॅबला पाठवलं. दोन्हींत एकच जंतू निघाला. हे उसळले. "औषधात जंतू? ते मारायचंच औषध हाय की!"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "तात्या, पातळ औषधानं सगळे मरत न्हाईत. उरतात ते शहाणे होतात. अंगाची दारं बारीक करतात, आत शिरलेलं विष बाहेर फेकतात. काचेला बुळबुळीत थर धरून त्याच्याखाली बसतात, तिथं औषध पोचतच न्हाई. वरून नवं ओतलं तरी त्यांना सवय झालेली असती."

मला एकदम कळलं. "म्हंजे इरजण लावल्यागत. तळाचं जुनं, त्यावर रोज नवं."

"बरोबर तेच, काकू."

रोज चुलीपाशी मी दह्याचं जे करते, तेच हे दवाखान्यात रोगाचं करत होते. ह्यांनी बाटली मोरीत उपडी केली आणि तोंडातून करंगळी आत घातली. काच बुळबुळीत लागली असणार, कारण बोट बाहेर काढून ते बराच वेळ हाताच्या अंगठ्यावर घासत राहिले. मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी गोळ्या-इंजेक्शन बदलली आणि विचारलं, ड्रेसिंग कोण करणार? सगळे माझ्याकडे बघत होते. हेही. मी म्हटलं, "सिस्टरांना करू दे." इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा असा उतरलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

हे दाराकडे वळले तशी ती म्हणाली, "तात्या, जाऊ नका. पाय धरा, दुखंल त्यांना." चारचौघांत बायकोचा पाय धरायचा! ह्यांनी धरला. रोज धरला. सिस्टर मेलेली कातडी काढायची, मी ओरडायचे, आणि ह्यांची नजर माझ्या तोंडाकडे नसायची, तिच्या चिमट्याकडे असायची. कसा धरते, कुठे थांबते. मी कळा सोसत त्या नजरेवर जळत पडलेली असायचे.

अंगठा वाचला. पट्टी सुटली त्या दिवशी मी ह्यांच्या आवडीचा झुणका केला, कांदा बारीक चिरून, वरून तेलाची धार. हे जेवता जेवता थांबले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"पोरीचा हात लई हलका हाय गं," म्हणाले.

मी भाकरी ह्यांच्या ताटात टाकली आणि पाय आपटत आत गेले. अंगठ्याला जरासुद्धा कळ आली नाही.