आबांच्या जांभळांची तपासणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी मी जांभूळ निवडलं, ते आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. चोपड्याजवळ आमची केळीची बाग आहे. त्यातली थोडी जमीन मोकळी करून आबांनी काही वर्षांपूर्वी मोठ्या जातीच्या जांभळाची कलमं लावली. तेव्हा गावातले लोक हसले होते. पुढे त्या झाडांना पेढ्याएवढी फळं लागली आणि बागेत येईल त्याची ओंजळ आबा भरायला लागले.

मी जळगावला मेहरूणमध्ये खोली घेऊन राहत होते. कॉलेजात आम्हाला फळांतली अँटिऑक्सिडंट मोजायची होती. शरीरातल्या पेशींची झीज थोपवायला मदत करणारे घटक ते. जांभळाला ज्यांच्यामुळे काळा-जांभळा रंग येतो, ती द्रव्यंही त्यातलीच. मोजायची रीत मला फार आवडायची. एका जांभळ्या द्रावणात फळाचा अर्क टाकायचा. अर्कात जेवढा जोर, तेवढं ते द्रावण फिकट होत होत पिवळं पडतं.

तुलनेसाठी दुसरं जांभूळ हवं होतं, ते अक्काकडून आणलं. अक्का आबांची थोरली बहीण. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला राहते. तिच्या बांधावर जांभळाचं एक झाड आपोआप उगवलेलं आहे. त्याला कोणी खत दिलं नाही की पाणी घातलं नाही. फळ करंगळीच्या पेराएवढं, त्यात बीच मोठी, आणि खाल्लं की तुरटपणाने जीभ जड होते. अक्काने झाडाखाली जुनी साडी पसरली, फांद्या हलवल्या आणि पडलेली फळं मला बांधून दिली.

"हे कॉलेजात नेतेस?" ती म्हणाली. "पाखरं सोडली तर याला कोणी विचारत नाही गं."

त्या फळांच्या अर्काने द्रावण बघता बघता पिवळं केलं. आबांच्या फळांच्या अर्काने ते नुसतं फिकटलं. मी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच.

रविवारी घरी गेले, पण बोलायचं धाडस होईना. जेवताना आबांनीच विचारलं, "तुझ्या तपासणीचं काय झालं?"

"चालू आहे अजून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्याशी ते शाळेतल्यासारखं मराठी बोलतात, पण मनाला काही लागलं की अहिराणीवर येतात. "नापास व्हयनं का आपलं जांभूळ?"

मग सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा संपवला, हात धुतला आणि बागेत गेले. मी मागोमाग गेले, तर एका झाडाखाली फळ मधोमध फोडून उभे होते. आतला गर पांढुरका होता.

"बठ्ठं पानीच शे यामा," ते म्हणाले. म्हणजे सगळं पाणीच. मग म्हणाले, "ठिबकचं पाणी मी कधी बंदच केलं नाही. वाटायचं, एवढ्या उन्हात झाडाला तहान लागू नये."

मला रडूच आलं. हा विषय घेतला नसता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

सोमवारी प्रकल्पाच्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी वही बाजूला ठेवून विचारलं, "वडिलांच्या झाडाची कुठली फळं तोडलीस?"

मी हाताला येतील ती तोडली होती. म्हणजे खालच्या, सावलीतल्या फांद्यांची. काही तर देठाकडे अजून लालसर होती. अक्काची मात्र उन्हात काळी झालेली, आपोआप गळणारी. मॅडम म्हणाल्या, "जात वेगळी, पाणी वेगळं, ऊन वेगळं, पिकणं वेगळं. मग फरक नेमका कशाने पडला, हे तुला कसं कळणार?"

आबांना फोन करून उन्हातली, पूर्ण पिकलेली फळं मागितली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच एसटीने आले. सकाळी शिडी लावून शेंड्याची फळं काढली होती, ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आले होते. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "आबा, इथे चालतं." तरी अनवाणीच आत आले.

या वेळी द्रावण चांगलंच पिवळं झालं. आबा वाकून बघत होते.

"झाड तेच ना?"

"तेच. फक्त ही फळं उन्हातली आणि पूर्ण पिकलेली."

"आणि अक्काचं?"

"ते अजून पुढेच आहे, आबा. त्याची जातच तशी."

ते हसले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी फोन लावला. "अक्का, तुनं जांभूळ पहिलं उनं!" म्हणजे पहिला नंबर तिच्या जांभळाचा. पलीकडून अक्का एवढ्या मोठ्याने बोलत होती की मला आत ऐकू आलं. स्वतःची बाग लावल्यापासून तू माझ्याकडे जांभळं खायला आला नाहीस, असं तिचं म्हणणं होतं. आबा नुसते "हो, हो" करत राहिले. संध्याकाळी ते चोपड्याला गेले नाहीत, यावलच्या एसटीत बसले.

पुढच्या हंगामात फळांवर रंग चढायला लागल्यावर त्यांनी एका ओळीचं पाणी कमी केलं. त्या दिवसांत ते रोज तिथे जाऊन पानं चाचपायचे. पान जरा मलूल दिसलं की मला फोन. फळं लहान झाली, पण आतून जांभळी निघाली. प्रकल्प केव्हाच देऊन झाला होता, तरी मॅडमनी तपासू दिलं. आदल्या वर्षीपेक्षा जोर वाढला होता. अक्काच्या झाडाला मात्र ती गाठू शकली नाहीत.

"मग बाकीच्या ओळींचंही पाणी कमी करणार?" मी विचारलं.

"नाही," आबा म्हणाले. "मोठं, रसाळ फळ आवडणारी माणसंही आहेत ना."

त्या ओळीची पहिली टोपली आम्ही दोघं अक्काकडे घेऊन गेलो. तिने ओट्यावर बसून एक जांभूळ तोंडात टाकलं, सावकाश चघळलं, बी हातावर काढली. आबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"फार गोड झालं रे, जीभ जडच होत नाही," अक्का म्हणाली आणि दुसरं उचललं.