सहाशेचं कुलूप

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस आहे. तिथला कॉम्प्युटर संजीवनी सांभाळते. चाळिशीची, शब्दाला पक्की, जिभेला तिखट. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला होती. तिथली मशीनं विंडोजऐवजी लिनक्सवर चालायची. कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, ते तिथे आकड्यांत सांगतात. पहिला आकडा फाइलीच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. सहाशे टाकलं की मालकाला वाचायची-लिहायची मुभा आणि बाकी सगळ्यांना शून्य.

अकरा वर्षांनी कारखाना बंद पडला आणि ही विद्या घेऊन बाई मुरबाडला परत आली. संस्थेच्या जुन्या मशीनवर तिने लिनक्सच चढवलं. मारहाणीतून सुटलेल्या बायका कुठे लपून आहेत, ते पत्ते एका फाइलीत ठेवले आणि फाइलीवर सहाशे लावलं. चार वर्षांत एक पत्ता बाहेर गेला नाही. "त्यात काय मोठं," म्हणायची. पण मनातून तिला अभिमान होता, आणि का नसावा?

गेल्या वर्षी ते मशीन मेलं. एका देणगीदाराने विंडोजचं नवं मशीन दिलं. त्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड मिळाला. संजीवनीला माउस घेऊन टिकटिक करत बसायचा कंटाळा. तिने फुकट मिळणारी एक काळी खिडकी त्यावर बसवून घेतली. तिच्यात लिनक्सच्या आज्ञा चालायच्या. पत्त्यांच्या फाइलीची जपून ठेवलेली प्रत डी ड्राइव्हवर टाकली आणि सीएचमॉड सहाशे, ही कुलपाची नेहमीची आज्ञा, टाइप केली. मशीन काही बोललं नाही. लिनक्समध्ये न बोलणं म्हणजे काम झालं. बाई चहाला उठली.

अहो, इथेच घात झाला! विंडोजचं कुलूप असतं दुसरीकडे. ती खिडकी आज्ञा निमूट ऐकून घेते आणि करत काहीच नाही. कुठल्या फाइलीची कुणाला मुभा ते दाखवणारी यादी एकदा मागितली असती तरी कळलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय तपासून कोण बघतो?

त्याच महिन्यात हर्षाली आली. बावीस वर्षांची, पाचवा महिना लागलेला, पाठीवर पट्ट्याचे वळ. संजीवनीने तिला म्हसा गावाच्या पलीकडे एका पाड्यावर धोंडीबाईकडे ठेवलं. ही म्हातारी सुईण, नात्यातली ना गोत्यातली, म्हणजे तिथे कोणी शोधायला जाणार नाही. पत्ता फाइलीत लिहिला.

ऑफिसचे सुपरवायझर अनंता हर्षालीच्या सासरच्या गावचे. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुखणं! गावात कुणाचं भांडण लागलं की अनंतादादा हजर. महिन्याचा अहवाल करताना त्यांनी स्वतःच्या नावाने मशीन उघडलं, ती फाइल दिसली, टिचकी मारली, उघडली. वाचून त्यांचा जीव कळवळला. पोटुशी पोर परक्याच्या दारात! त्यांनी नवऱ्याला आणि गावच्या दोन जाणत्यांना घेतलं, साडी-नारळ घेतला आणि जीप करून पाड्यावर गेले. नवऱ्याने चारचौघांत कान धरले. एवढ्या पुरुषांपुढे पोर "नाय" कशी म्हणणार? गेली.

बाराव्या दिवशी त्याने तिला मुसळाने मारलं. उजवा हात मोडला. मूल पोटातच गेलं.

हर्षालीला दवाखान्यात बघून परतल्यावर संजीवनी अनंतांवर तुटून पडली. "कुनी सांगितलं तुमाला पत्ता? कुनी?"

"फाइल उघडीच व्हती गो," अनंता म्हणाले. "मला वाटलं, संसार जुळंल. मी कशाला कुनाचं वाईट करू?"

"उघडी नाय! मी सोता सहाशे लावलंय." तिने काळी खिडकी उघडली आणि फाइलींची यादी मागितली. त्या फाइलीपुढे वाचायची खूण एकदा नाही, तीनदा होती: मालकाला, गटाला, सगळ्या जगाला. तिने आज्ञा पुन्हा दिली. मशीन काही बोललं नाही. यादी तशीच राहिली.

मग शिव्या कुणाला देणार? ती खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने विंडोजचं खरं कुलूप शिकून घेतलं, फाइल उघडू शकणाऱ्यांतून एकेक नाव काढून टाकलं, अनंतांच्या नावाने आत शिरून फाइल उघडायचा प्रयत्न केला. मशीनने नकार दिला. तेव्हा कुठे तिला घास गेला.

तीन आठवड्यांनी हर्षाली हाताला प्लास्टर घालून माडी चढून आली. सासरी जायचं नव्हतं, तक्रार मात्र करायची होती. संजीवनीने तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, "आता कुटं ऱ्हानार तू?"

"ते नाय सांगनार, ताई."

"अगो, कुलूप लावलंय आता. मी सोता तपासलंय."

"लावलं असंल," हर्षाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच संजीवनीला सोसवेना. "पयलं पन लावलंच व्हतं ना तुमी?"

संजीवनीने पत्त्याची जागा कोरी ठेवली. हर्षालीने डाव्या हाताने पिशवी उचलली आणि जिना उतरली. खाली जीपवाले गावांची नावं घेऊन ओरडत होते. पोर कुठल्या जीपमध्ये बसते ते दिसू नये म्हणून संजीवनीने उठून खिडकी लावून घेतली.