किरकोळ दुखापतीचे बाबूजी

आमच्या गिरणीत अपघातांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाबूजींना नोकरीभरात एकही गंभीर जखम दिसली नाही. कामगार हात धरून आला, की ते चष्मा कपाळावर चढवत, जखमेकडे न बघताच सुबक अक्षरात 'किरकोळ' लिहीत आणि म्हणत, "काही नाही होत गा."

पायात खिळा गेलेला एक फिटर आठ दिवसांनी धनुर्वाताने गेला. त्याची बायको भरपाईचा अर्ज घेऊन आली. बाबूजींनी रजिस्टर तिच्यापुढे फिरवलं.

"जखम तर किरकोळ होती, बाई."

"मंग ते मेले काहून, साहेब?"

"तेच तर मी तुमाले विचारून राहिलो."

अर्जावर 'मृत्यूचा कामाशी संबंध नाही' असा शेरा मारून ते दाभणाने तो फाइलला शिवायला बसले. दाभण अंगठ्यात घुसलं, थेंबभर रक्त आलं. बाई अजून दारातच बसून होती. तिला ओलांडून बाबूजी सायकलरिक्षाने दवाखान्यात पळाले. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन, पट्टी बांधून परतले आणि शेजारच्या टेबलावर माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं.

"किरकोळच ना?" मी पेन उघडत विचारलं.

"मस्करी काहून करून राहिला गा? जिवाचा मामला आहे. गंभीर लिही."